मशीन बंद असतं तेव्हा



बंगळूरच्या दक्षिणेला जे. पी. नगर नावाची मोठी वस्ती आहे. मी तिथंच राहतो. बसच्या पाटीवर, दुकानांच्या फलकांवर, लग्नपत्रिकांवर सगळीकडे हे नाव दिसतं. जे. पी. म्हणजे जयप्रकाश नारायण, हे मात्र इथल्या पुष्कळांच्या गावीही नसतं. आज त्यांच्यापासून सुरुवात करायची आहे, पण विषय राजकारणाचा नाही. विषय किडनीचा आहे.

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी लागली आणि पहाटे दिल्लीत जेपींना अटक झाली. (२६ तारखेलाच इकडे बंगळुरात आपले मधू दंडवते, वाजपेयी आणि अडवाणी पकडले गेले. ते ज्या सेंट्रल जेलमध्ये होते, तिथं आज फ्रीडम पार्क आहे.) जेपींना चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात स्थानबद्ध ठेवलं होतं. तब्येत ढासळत गेली. १२ नोव्हेंबरला त्यांना सोडलं आणि त्याच महिन्यात ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात पोचले. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झालं आणि ८ ऑक्टोबर १९७९ला पाटण्यात निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, ते डायलिसिसवर जगले. १९७७ची निवडणूक, जनता पक्षाची जुळवाजुळव, ते सरकार येणं आणि पडणं, हे सगळं त्या चार वर्षांतलं आहे.

त्यांच्या मशीनची गोष्ट प्रसिद्ध आहे. घरी वापरण्याजोगं मशीन घ्यायला लोकांनी वर्गणी काढली. इंदिरा गांधींनी पंतप्रधान निधीतून नव्वद हजार रुपये पाठवले आणि जेपींनी ते नाकारले. डायलिसिस हा शब्द आपल्या देशातल्या पुष्कळ घरांत पहिल्यांदा पोचला तो या बातम्यांमधून.

आता गंमत बघा. गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण मशीनबद्दल विचारतो. कुठलं होतं, केवढ्याला पडलं, कुणी दिलं. किडनीबद्दल कुणी विचारत नाही. ती ‘गेली’, विषय संपला. डायलिसिसचा इतिहास मी वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की डॉक्टरांच्या जगातही बरीच वर्षं हेच चाललं होतं. मशीनचा इतिहास खूप लिहिला गेला. मशीनला जोडलेल्या माणसाच्या पोटात अजून थोडी जिवंत असलेली किडनी मात्र त्या इतिहासात फार उशिरा आली.

हा विषय मी घेतला तो माझ्या मामांमुळे. मूळचे निपाणीचे, बंगळूरच्या एचएमटीच्या घड्याळ कारखान्यातून निवृत्त झालेले. मधुमेहानं किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. पहिले काही महिने वजन बघितलं जायचं, बीपी बघितलं जायचं, लघवी किती होते हे कुणी विचारलं नाही. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन दिला आणि सांगितलं, चोवीस तासांची सगळी लघवी यात साठवून आणा. मामी म्हणाल्या, ‘‘हे काय नवीन! किडनी बंद पडली म्हणून तर इथं येतोय.’’ कॅनमध्ये साडेआठशे मिलिलिटर भरली. डॉक्टरीणबाई खूष झाल्या आणि मामा गोंधळले.

हिशेब साधा आहे. निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला साधारण शंभर मिलिलिटर गाळण करतात. डायलिसिस सुरू करायची वेळ येते तेव्हा हा आकडा बहुतेकांचा दहाच्या खाली आलेला असतो, पण शून्य झालेला नसतो. समजा तीन उरलाय. तीन म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण आठवड्यात दहा हजार ऐंशी मिनिटं असतात. तिनानं गुणा. तीस लिटर! आणि हे काम रात्री, झोपेत, सणावाराला, मशीन बंद असताना चालू असतं. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास डायलिसिस घेणाऱ्याच्या एकशे अडुसष्ट तासांपैकी आठ तास मशीनचे असतात. उरलेले एकशे साठ तास त्या माणसाकडे काय असतं? जे काही असेल ते ही उरलेली किडनीच. मामा त्यांच्या पद्धतीनं म्हणाले, ‘‘अरे, म्हणजे मशीन पार्टटायमर आणि ही म्हातारी अजून फुलटाइम नोकरीवर!’’

मग ती म्हातारी इतिहासातून गायब कशी झाली?

मागे जाऊ. १९४३. नेदरलँड्समध्ये जर्मनांचा ताबा आहे आणि कांपेन नावाच्या छोट्या गावातल्या रुग्णालयात विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर सॉसेजच्या वेष्टणाला वापरतात तो सेलोफेन लाकडी पिंपाभोवती गुंडाळून रक्त शुद्ध करायचं यंत्र बनवतो. सुरुवातीचे रुग्ण जवळजवळ सगळे दगावले. सप्टेंबर १९४५मध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई अकरा तासांनंतर शुद्धीवर आली आणि वाचली. नाझींना साथ दिली म्हणून ती कैदेत होती. गावातल्या अनेकांना ती वाचावी असं वाटतही नसणार. पण कोल्फनं ते पाहिलं नाही.

इथं एक बारकावा आहे. त्या बाईची किडनी नंतर पुन्हा चालू झाली. कोल्फच्या डोक्यात यंत्राचं काम हेच होतं: किडनीला सावरायला वेळ मिळवून द्यायचा. डॉक्टर रोज लघवीची वाट पाहत. आपल्याकडेही मलेरिया, लेप्टो, सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव यानं अचानक किडनी बंद पडलेल्या रुग्णांना असंच तारून नेलं गेलं. मुंबईत केईएमला डॉ. विद्या आचार्य यांच्यासारख्यांनी हे काम उभं केलं. त्या जगात लघवी म्हणजे शुभवार्ता होती.

१९६०मध्ये हे बदललं. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातातल्या शिरेत आणि धमनीत कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली. आता तोच माणूस पुन्हा पुन्हा मशीनला जोडता येऊ लागला. त्यांचा पहिला रुग्ण, एक कारागीर, अकरा वर्षं जगला. कायमची किडनी गेलेला माणूस जगू शकतो, हे जगानं पहिल्यांदा पाहिलं. केवढी मोठी गोष्ट! पण त्याबरोबर दृष्टी बदलली. किडनी परत येणार नाहीच, मग तिच्याकडे बघायचं कशाला? लघवीचा तक्ता कोपऱ्यात गेला आणि मशीनचा तक्ता पुढे आला.

मला यात बंगळूर दिसतं. या शहरात मोठी नदी नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तळ्यांवर आणि विहिरींवर जगले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेसरघट्टाहून नळाचं पाणी आलं, १९७४मध्ये कावेरीचं आलं, आणि तळ्यांची निगा सुटत गेली. महाराष्ट्र मंडळाच्या वाटेवर ज्या मॅजेस्टिक स्टँडवर आपण उतरतो, तिथं धर्मांबुधी नावाचं तळं होतं. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरवा स्टेडियम आहे. लांबून आलेलं पाणी वाईट नव्हतं, त्याच्यावाचून हे शहर वाढलंच नसतं. पण ते आलं म्हणून जवळचं बुजवायची गरज नव्हती. असो, मी विषयावर येतो.

१९८५मध्ये गॉच आणि सार्जंट या दोघांनी डायलिसिस पुरेसं झालं की नाही हे मोजायला एक सूत्र दिलं, केटी बाय व्ही. डायलिसिस केंद्राच्या रिपोर्टवर ते आजही छापलेलं असतं. रक्तातला युरिया किती निघाला यावर ते आधारलेलं आहे. सूत्र उपयोगाचं आहे, त्यानं अनेकांचं अपुरं डायलिसिस उघडकीला आलं. पण युरिया हा लहान कण आहे, मशीनच्या पडद्यातून सहज निघतो. मोठे कण, प्रथिनांना चिकटून बसलेली विषं, ही मशीनला दाद देत नाहीत आणि जिवंत किडनी त्यांतली बरीचशी बाहेर टाकत असते. म्हणजे मोजपट्टी अशी निवडली गेली, की तिच्यावर मशीन उंच दिसावं.

पुढं अमेरिकेत हेमो नावाची प्रचंड चाचणी झाली. अठराशेच्या वर रुग्ण, निष्कर्ष २००२मध्ये. प्रश्न होता, डायलिसिसचा डोस वाढवला तर माणसं जास्त जगतात का. उत्तर आलं, नाही. ज्यांची स्वतःची किडनी बऱ्यापैकी चालू होती, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. हिशेब शुद्ध राहावा म्हणून. संशोधनाच्या दृष्टीनं हे बरोबर आहे. पण परिणाम बघा, उरलेली किडनी ही हिशेबातली लुडबुड ठरली.

ती परत आली वेगळ्याच दारानं. १९७६च्या सुमारास टेक्सासमध्ये मॉनक्रीफ आणि पोपोविच यांनी पोटाच्या डायलिसिसची एक सोपी रीत सुचवली: पोटात नळीनं द्राव सोडायचा, काही तास ठेवायचा, काढून टाकायचा, दिवसातून चार वेळा, घरच्या घरी. भारतात ही पद्धत १९९१मध्ये चेन्नईत आली. या रुग्णांची लघवी मशीनवाल्यांपेक्षा जास्त काळ टिकते, असं डॉक्टरांच्या लक्षात येत गेलं.

१९९६मध्ये कॅनडा आणि अमेरिकेतल्या ६८० रुग्णांचा कनुसा नावाचा अभ्यास आला. त्यात पोटातून झालेलं शुद्धीकरण आणि किडनीनं केलेलं शुद्धीकरण यांची सरळ बेरीज केली होती. बेरीज मोठी असलेली माणसं जास्त जगली. झालं! लघवी कमी झाली की पिशव्या वाढवा, बेरीज पूर्ण करा, असे नियम बनले. पाच वर्षांनी टोरांटोच्या जोन बार्गमन आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा उघडली आणि बेरीज सोडवून दोन रकाने वेगळे केले. पोटाच्या शुद्धीकरणाचा आणि जगण्याचा संबंध दिसेना. सगळा संबंध किडनीच्या रकान्यात होता. दिवसाला पाव लिटर लघवी जास्त असेल, तर मृत्यूचा सापेक्ष धोका छत्तीस टक्क्यांनी कमी. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या ९६५ रुग्णांच्या ॲडेमेक्स चाचणीनं शिक्कामोर्तब केलं. पिशव्या वाढवून बेरीज फुगवली, तरी आयुष्य वाढलं नाही.

या साऱ्या इतिहासातला हा माझा सगळ्यात आवडता प्रसंग आहे. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. कुणीतरी जुनी वही काढली आणि विचारलं, आंबे आणि चिंचा एकाच टोपलीत का मोजताय?

एक शंका इथं रास्त आहे. लघवी जास्त म्हणून माणूस जगतो, की मुळात धडधाकट म्हणून दोन्ही? थोडं दुसरंही खरं असणार. पण लघवीचे फायदे नुसते आकड्यातले नाहीत. मामांना दिवसाला साडेआठशे मिलिलिटर लघवी होत होती, तेव्हा त्यांना दुपारचं ताक चालायचं, सकाळची फिल्टर कॉफी चालायची. दोन डायलिसिसच्या मधे वजन फार चढत नसे, म्हणून मशीनला एका बैठकीत तीन-चार लिटर पाणी ओढावं लागत नसे, म्हणून बीपी कोसळत नसे, पायात गोळे येत नसत. ज्यांची लघवी थांबलीय, त्यांना विचारा, मे महिन्यात घोट मोजून पाणी पिणं म्हणजे काय.

आणि हे एक चक्र आहे, दोन्हीकडे फिरतं. बीपी कोसळलं की किडनीला रक्त मिळत नाही, ती आणखी सुकते. सुकली की लघवी घटते, पाणी साठतं, पुढच्या वेळी मशीन आणखी जोरात ओढतं, बीपी आणखी कोसळतं. ‘कोरडं वजन’ ठरवताना एखादा किलो घाईनं कमी केला, तरी हे सुरू होऊ शकतं. जास्त डायलिसिस म्हणजे नेहमी जास्त चांगलं असंही नाही. रात्री घरी, आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस देऊन पाहिलेल्या एका अमेरिकी चाचणीचा हिशेब २०१३मध्ये आला. वर्षभरात त्या गटातल्या सदुसष्ट टक्के लोकांची लघवी पूर्ण थांबली. नेहमीच्या तीन वेळांच्या गटात छत्तीस टक्के.

जपायचं कसं, याचं उत्तर हाँगकाँगमधून आलं. तिथं १९८५पासून पोटाच्या डायलिसिसला प्राधान्य आहे, त्यामुळे लघवी टिकवण्यात त्यांना रस असणं साहजिकच. २००३मध्ये फिलिप ली यांच्या गटानं साठ रुग्णांवर रॅमिप्रिल ही बीपीची जुनी, स्वस्त गोळी तपासली. वर्षानंतर गोळी घेणाऱ्यांपैकी चौदा जणांची लघवी पूर्ण थांबली होती, न घेणाऱ्यांपैकी बावीस जणांची. चमत्कार नव्हे, पण फरक आहे. या गोळीनं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून ती आपल्या मनानं घ्यायची वस्तू नाही. डॉक्टरांना विचारायची आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळीचंही तसंच. ‘आता डायलिसिस सुरू झालं, आता कशाला’ म्हणून ती अनेकदा बंद होते. ती चालू ठेवायची का, हे निदान विचारायला तरी हवं.

शत्रू मात्र घरातच असतात. दुखण्यावरच्या गोळ्या सगळ्यात आधी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्यांची भावंडं. मग जेंटामायसिन, ॲमिकासिनसारखी इंजेक्शनं, स्कॅनच्या वेळी टोचतात तो डाय, आणि धातूंची भस्मं असलेली कुणीतरी सुचवलेली औषधं. यांतलं एखादं खरोखर लागलं, तर द्यावंच लागतं, जीव आधी. पण देणाऱ्याला हे माहीत हवं, की समोरच्याच्या किडनीत अजून काहीतरी वाचवण्यासारखं आहे. अडचण हीच आहे. ‘डायलिसिसचा पेशंट’ म्हटलं की दवाखान्यात वाटतं, किडनी तर गेलीच, आता काय बिघडणार.

मामांचं असंच झालं. गुडघा दुखत होता. जवळच्या एका दवाखान्यात इंजेक्शन आणि आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या. घड्याळवाला माणूस, वहीत रोजचा आकडा लिहायचे. साडेआठशे, आठशे, सहाशे, साडेचारशे, तीनशे. गोळ्या बंद केल्यावर चारशेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्यानंतर ताक गेलं, कॉफी अर्धा कप झाली, आणि पुढच्या काही महिन्यांत दोनाचे तीन डायलिसिस झाले. रिक्षाचं भाडं, मामींचा आणखी एक दिवस, हाताच्या फिस्टुलात आणखी दोन सुया. एका वहीच्या पानावर हे सगळं दिसतं.

आता आपल्या देशाचं बोलू. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत मशीनं पोचू लागली. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वं २०१९मध्ये आली. इथं बंगळुरात व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात सरकारी नेफ्रो-युरॉलॉजी संस्था आहे. तिथल्या रांगेत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि आपली मराठीही ऐकू येते. मशीन गावाजवळ येणं ही मोठीच गोष्ट आहे. पण आपल्याकडे पुष्कळ लोक आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच डायलिसिस घेतात, आणि ते वैद्यकीय हिशेबानं नव्हे. पैसे, प्रवास, बुडणारी मजुरी यांनी ते ठरतं.

आणि नेमकी इथं इतिहासानं एक विचित्र गाठ मारली आहे. पाश्चात्त्य देशांत गेली काही वर्षं चर्चा चालली आहे, की ज्यांची लघवी चांगली आहे त्यांना सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच डायलिसिस द्यावं, किडनी घटेल तसं वाढवावं. त्यावर चाचण्या सुरू आहेत. म्हणजे आपण गरिबीनं जे करतो, ते ते विचारानं करू पाहतात. म्हणून कुणी म्हणेल, बघा, आपलं बरोबरच होतं! नाही हो. दोन्हींत एका कॅनचा फरक आहे. ते लघवी मोजून दोनदा देतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजतात. न मोजता दिलेले दोन म्हणजे ज्याची किडनी चालते त्याला कदाचित पुरेसे, आणि ज्याची थांबलीय त्याला उपाशी ठेवणारे. एकाच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर ही दोन माणसं असतात आणि कागदावर त्यांच्यात काही फरक दिसत नाही.

मोजायला खर्च जवळजवळ नाही. मशीनवाल्यांनी डायलिसिसच्या आदल्या दिवशी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून घड्याळ लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी साठवायची, शेवटचीसुद्धा. कॅन थंड जागी ठेवायचा. केंद्रावर गेल्यावर मशीन लावायच्या आधी रक्त द्यायचं, म्हणजे दोन्हींतला युरिया आणि क्रिएटिनिन जुळवता येतो. प्रयोगशाळा लांब असेल, तर निदान घरी मापाच्या भांड्यानं मोजून तारखेसह वहीत लिहा, आणि ती वही प्रत्येक डॉक्टरला दाखवा, गुडघ्याच्या, दातांच्या, डोळ्यांच्या.

मामांची वही अजून चालू आहे. काल फोनवर आकडा विचारला, तर म्हणाले तीनशे ऐंशी.